भित्र्यांचं बस्तान

दत्तक आणलेल्या गिनीपिगांची पहिली संध्याकाळ बहुतेक घरांत सारखीच जाते. खोका उघडला जातो, दोन गुबगुबीत आकार जमिनीला पोट लावून सगळ्यात जवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात शिरतात आणि मग काहीच घडत नाही. मुलं पिंजऱ्याभोवती दाटीवाटीने बसलेली असतात, कुणीतरी काकडीची चकती पुढे करतं, ती तिथेच सुकते. अर्ध्या तासात शंका निघते की हे आजारी तर नाहीत? दुसऱ्या दिवशी बरोबर उलटी समजूत होते. एकाला उचलून मांडीवर घेतलं तर तो ढिम्म हलला नाही, म्हणजे स्वभावाने किती गरीब!

दोन्ही अंदाज चुकतात, आणि चुकण्याचं कारण एकच आहे. गिनीपिगाच्या नखांत जोर नाही, दात लढाईचे नाहीत, झाडावर चढता येत नाही, उंच उडी मारता येत नाही. दक्षिण अमेरिकेत त्याचे रानटी भाऊबंद उंच गवतात कळपाने राहतात आणि धोका दिसला की दोनच गोष्टी करतात, थिजतात किंवा पळतात. अँडीजच्या डोंगराळ भागात माणसाने या प्राण्याला पाळायला घेतल्याला हजारो वर्षं लोटली, तरी हे दोन उपाय काही अंगातून गेलेले नाहीत. कोपऱ्यात बसलेला गिनीपिग आणि मांडीवर निपचित पडलेला गिनीपिग एकाच कामात गुंतलेले असतात. आपण दिसू नये यासाठी ते जीव एकवटून प्रयत्न करत असतात.

त्यांना माणसाळवायचं म्हणजे भीती मोडून काढायची, असं धरून लोक कामाला लागतात आणि तिथेच बिनसतं. ही भीती म्हणजे त्यांची अक्कल आहे. ती वापरायची वेळ या घरात शक्य तितकी कमी यावी, एवढंच आपल्या हातात असतं. याला जोडून आणखी एक भानगड आहे, आणि ती जास्त गंभीर. जो प्राणी भीती लपवतो, तो दुखणंही तितक्याच शिताफीने लपवतो. कळपातला अशक्त जीव शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, त्यामुळे अगदी हाताबाहेर जाईपर्यंत तो बरा असल्यासारखा बसून राहतो. म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत त्याच्या चेहऱ्यावर विसंबू नये. गवत, लेंड्या आणि वजन, या तिघांची साक्ष काढावी.

पिंजरा ते येण्याआधी पूर्ण लागलेला हवा. आल्यावर ठोकाठोक करत बसणं हा त्यांच्यावर सरळसरळ अन्याय आहे. दोघांसाठी साडेसात चौरस फूट जागा ही खालची मर्यादा मानतात. साडेदहा चौरस फूट दिली तर दोन नरांचीसुद्धा भांडणं बरीच कमी होतात, कारण एकाला दुसऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हायला जागा उरते. दुकानांत ‘गिनीपिगांसाठी’ म्हणून विकले जाणारे अनेक पिंजरे यात बसत नाहीत. स्वस्त आणि सोपा पर्याय म्हणजे १४ इंची जाळीच्या चौकटी प्लास्टिकच्या सांध्यांनी जोडायच्या. २ बाय ४ चौकटींचं आवार केलं की साडेदहा चौरस फूट भरतात. जाळीची भोकं दीड इंचापेक्षा मोठी नसावीत, नाहीतर पिल्लाचं डोकं त्यात अडकतं. तळाला नालीदार प्लास्टिकचा पत्रा घालून त्याच्या कडा सहा इंच वर वळवल्या की गवत बाहेर सांडत नाही. उंची आणि मजले यांचा त्यांना फारसा उपयोग नसतो, त्यांना सरळ धावायला लांबी लागते. तारेच्या जाळीचा तळ तर नकोच. त्यावर तळपाय सोलवटतात, जखमेत जंतू जातात आणि पाय सुजून फुगतात. हे दुखणं महिनोन् महिने रेंगाळतं. फिरतं चाक आणि प्लास्टिकचा गोळा या वस्तूही उंदरांच्या कप्प्यातून चुकून इकडे येतात; गिनीपिगाचा कणा त्यांच्यासाठी घडलेलाच नाही.

आवार कुठे ठेवायचं हा प्रश्न लोक सोयीने सोडवतात, जरा विचाराने सोडवायला हवा. निदान एक बाजू, जमल्यास दोन, भिंतीला लागून असाव्यात, म्हणजे धोका कुठल्या दिशेने येऊ शकतो याचा हिशोब त्यांना सोपा जातो. जमिनीवर ठेवलं तर माणूस कायम वरून येतो, आणि वरून येणारी प्रत्येक सावली त्यांच्या लेखी शिकारी पक्ष्याची असते. दोन-अडीच फूट उंचीच्या भक्कम टेबलावर ठेवलं की आपण समोरून येतो. थेट ऊन, पंख्याचा किंवा एसीचा झोत, स्वयंपाकाचा धूर यांपासून लांब. १८ ते २४ अंश सेल्सियस हे त्यांचं सुखाचं तापमान. २७-२८ च्या वर गेलं की सावध व्हावं, कारण त्यांना घाम येत नाही आणि उष्माघात काही तासांत जीव घेतो. अशा दिवशी पाणी गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून आवारात ठेवावी. गरज वाटेल तो तिला टेकून बसतो.

शांतता हवी म्हणून पिंजरा मागच्या न वापरत्या खोलीत नेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. तिथे ते शांत राहतात खरे, पण माणसांची सवय होत नाही, आणि कोणी आजारी पडलं तर उशिरा कळतं. वावरत्या खोलीचा एक कोपरा उत्तम. रोजचे, ठरावीक वेळी येणारे आवाज त्यांच्या लवकर अंगवळणी पडतात. दार आपटणं, मिक्सर अचानक सुरू होणं, कुत्रं जाळीला नाक लावून उभं राहणं, अशा आगाऊ सूचना न देता येणाऱ्या गोष्टींनी ते उसळतात. कुत्रं कितीही प्रेमळ असलं तरी पहिला महिना त्या खोलीत नको.

खाली अंथरायला फ्लीसचं कापड घालणार असाल तर ते आधी तीन-चार वेळा गरम पाण्यात, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता धुवून घ्या. नवं फ्लीस पाणी वरच धरून ठेवतं. धुतल्यावर त्यावर चमचाभर पाणी ओतून बघा. ते खाली मुरलं आणि वरचा भाग कोरडा लागला तर कापड तयार झालं. त्याखाली टॉवेल किंवा शोषक पॅड हवंच, नाहीतर मूत्र जाणार कुठे? कागदाच्या लगद्याचं अंथरूणही चांगलं. देवदार किंवा भट्टीत न वाळवलेल्या पाइनचा भुसा मात्र टाळावा. त्याचा जो वास आपल्याला ताजा वाटतो, तो त्यांच्या श्वासनलिकेला झोंबतो.

आता लपण्याच्या जागा, ज्यावर सगळ्यात जास्त कंजुषी होते. दोन गिनीपिगांना तीन लपणघरं लागतात, आणि प्रत्येकाला दोन दारं. एका दाराचं टुमदार प्लास्टिकचं घुमट दिसायला छान, पण दांडगा गिनीपिग दारात बसला की आतला कोंडला जातो आणि तिथे भांडण पेटतं. पुठ्ठ्याच्या खोक्याला समोरासमोर पाचेक इंची दोन भोकं पाडली तरी काम भागतं. कुरतडून संपला की दुसरा खोका. आवाराच्या अर्ध्या भागावर वरून चादर टाकली तर पहिल्या आठवड्यात त्यांना मोठाच दिलासा मिळतो. ‘सारखे लपून बसतात, मग सवय कशी होणार’ म्हणून लपणघरं काढून टाकणारे लोक आहेत. त्याने सवय होत नाही, पळायला जागा नसलेला प्राणी नुसता थिजतो. एका झेपेत आडोसा गाठता येईल अशी खात्री असली की तोच प्राणी लवकर बाहेर येतो. गवताचे ढीग दोन, पाण्याच्या बाटल्या दोन, आणि दोन्ही एकमेकांपासून लांब. बाटलीच्या नळीतला गोळा बोटाने रोज दाबून बघावा. तो अडकला की बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला राहतो. पूर्वी ते वाटीतून पाणी प्यायचे का, हे देणाऱ्याला विचारून ठेवा. शंका असेल तर सुरुवातीला जड वाटीही ठेवावी.

त्यांना आणायला जाल तेव्हा कडक बाजूंचा, हवेशीर खोका न्या. जोडी एकाच खोक्यात बसवा, अंगाला अंग लागलं की ते कमी घाबरतात. तळाला टॉवेल, वर भरपूर सुकं गवत आणि पाण्याऐवजी काकडीचे तुकडे. हलत्या गाडीत बाटली गळते आणि अंथरूण भिजतं. निघण्याआधी दोन गोष्टी मागून घ्याव्यात, जुन्या पिंजऱ्यातलं मूठभर वापरलेलं अंथरूण आणि ते खात असलेली पेलेट्स, म्हणजे दाबून बनवलेल्या कोरड्या खाद्याच्या गोळ्या, निदान आठवडाभर पुरतील इतकी. घरी आल्यावर खोका आवारात आडवा ठेवायचा, तोंड उघडायचं आणि बाजूला व्हायचं. ओतायचं नाही, ढकलायचं नाही. मागून आणलेलं अंथरूण एका लपणघरात टाकावं. वास ओळखीचा असला की ते घर आधी गाठलं जातं.

पहिले दोन दिवस करायचं काम म्हणजे फारसं काही न करणं, आणि हेच लोकांना सर्वांत अवघड जातं. गवत, पाणी, भाज्या रोज त्याच वेळी ठेवायच्या, हलक्या आवाजात बोलायचं आणि जाळीपासून थोडं दूर बसून आपापलं वाचायचं. घर निजल्यावर कान दिला तर गवत चघळल्याचा कुरकुर आवाज यायला हवा. हा आवाज पहिल्या रात्रीच आला पाहिजे. गिनीपिगाचं आतडं सतत चालू राहण्यासाठी बनलेलं आहे. तंतुमय चारा पुढे सरकायचा थांबला की आतले जंतू बिघडतात, वायू धरतो, दुखतं, दुखलं की तो आणखी खात नाही, आणि चक्र स्वतःहून सुटत नाही. लाजणं आणि उपाशी राहणं यांतली रेषा घड्याळाने आखावी. बारा तासांत ना गवत हललं ना लेंड्या पडल्या, तर डॉक्टरांना फोन. चोवीस तास वाट पाहणं म्हणजे उशीर.

लेंड्यांकडे रोज पाहावं. निरोगी लेंडी घेवड्याच्या बीसारखी लांबट, तपकिरी, कोरडी आणि बाकीच्यांइतकीच असते, आणि दिवसभरात प्रत्येकाच्या शंभराच्या आसपास पडतात. बारीक, टोकदार, कडक झाल्या तर खाणं किंवा पाणी कमी पडतंय. मऊ पडल्या तर बहुतेक वेळा नव्या भाजीचा परिणाम. पातळ जुलाब मात्र घरगुती उपायांची वेळ नव्हे, त्यात ते झपाट्याने खचतात. कधी कधी तो मान खाली घालून स्वतःच्या मागच्या बाजूहून काही तरी तोंडात घेताना दिसेल. ती वेगळी, मऊ विष्ठा असते, आणि ती पुन्हा खाल्ल्याने त्याला ब गटातली जीवनसत्त्वं मिळतात. अडवू नये. मूत्र सुकल्यावर पांढुरकी पूड राहणं आणि डोळ्यांच्या कडेला मधूनच दुधाळ थेंब येऊन त्याने चेहरा धुणं, हेही नेहमीचंच. वाळूसारखा कचकचीत थर किंवा मूत्रात रक्त ही मात्र काळजीची खूण.

जोडीत कोण खातंय हे गवताच्या ढिगावरून कळत नाही. एक पोटभर खातो आणि दुसरा नुसता शेजारी बसतो, आणि ढीग तर कमी झालेला असतो. म्हणून वजनकाटा. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. पण ज्याला हात लावायचा नाही त्याचं वजन करायचं कसं? काट्यावर रिकामा खोका ठेवून आकडा शून्य करायचा. मग तोच खोका आवारात आडवा ठेवून आत कोथिंबिरीची काडी टाकायची; तो शिरला की खोका हलकेच सरळ करून काट्यावर. तिसऱ्या दिवसापासून दोन आठवडे रोज, सकाळी भाजी देण्याआधी, आणि पुढे आयुष्यभर आठवड्यातून एकदा. प्रौढ गिनीपिग साधारण ७०० ते १२०० ग्रॅम भरतो, नर मादीपेक्षा थोडा जड. रोजची वीस-तीस ग्रॅमची चढउतार खाल्ल्या-मुतल्याची असते. सलग उतरत जाऊन पन्नास ग्रॅम कमी झालं तर दातांकडे आणि खाण्याकडे बारीक लक्ष द्यावं; मूळ वजनाच्या दहा टक्के गेले, म्हणजे ९०० चा ८१० झाला, की डॉक्टर. वाढत्या वयाच्या पिल्लाचं वजन नुसतं स्थिर राहिलं तरी तो घटच समजावा.

खाण्यात सुकं गवत हाच मुख्य आहार, बाकीचं तोंडी लावणं. टिमोथी, ऑर्चर्ड किंवा मिश्र कुरणाचं गवत, कधीही न संपणारं. गव्हा-भाताचा पेंढा त्याची जागा घेत नाही, त्यात पोषण फारच कमी. गिनीपिगाला वीस दात असतात आणि पटाशीच्या दातांपासून दाढांपर्यंत सगळे आयुष्यभर वाढत राहतात. गवत दळण्याची आडवी हालचालच दाढा झिजवते. ती नसेल तर खालच्या दाढा आत कलून जिभेवर कमान धरतात आणि समोर अन्न असून तो उपाशी राहतो. अल्फाल्फा म्हणजे लसूणघास सहा महिन्यांखालच्या पिल्लांना आणि गाभण माद्यांना चालते. इतर प्रौढांना तिच्यातल्या जादा कॅल्शियममुळे मूतखडे होऊ शकतात.

माणसासारखंच गिनीपिगाच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. आजारी, गाभण आणि वाढत्या वयाच्यांना वरच्या टोकाचं. २० ग्रॅम लाल ढोबळी मिरचीत सुमारे २५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे रोजच्या एका फोडीत प्रश्न मिटतो. दत्तक आलेल्या प्राण्यांत मात्र याची कमतरता अनेकदा मुरलेली असते. केस राठ, चालताना आखडलेपणा, सांधे सुजलेले, उचललं की कळवळणं, अशी लक्षणं दिसली तर लाजाळूपणावर खापर फोडू नये. पेलेट्समधलं क जीवनसत्त्व कालांतराने उडून जातं, त्यामुळे पाकीट बनवल्याची तारीख बघून तीन महिन्यांत संपवावं. पाण्यात थेंब घालायचा उपाय सोपा वाटतो, पण उजेडात ते लवकर निकामी होतं आणि चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो. वेगळं द्यायचं तर साधी क जीवनसत्त्वाची गोळी, वजनाच्या हिशोबाने तोडून. मल्टिव्हिटॅमिन नको, त्यातलं अ आणि ड जास्त झालं तर अपाय होतो.

पेलेट्स माणशी, म्हणजे गिनीपिगशी, रोज दोन मोठे चमचे. बिया, सुकामेवा आणि रंगीत तुकडे घातलेली मिश्रणं विकत घेऊ नयेत. आधीच्या घरची पेलेट्स कितीही सुमार असली तरी ती एका रात्रीत बंद करू नका. नव्याचं प्रमाण रोज थोडं वाढवत सात ते दहा दिवसांत बदल पुरा करावा. भाज्याही एका वेळी एकच नवी, आणि पुढची देण्याआधी एक दिवस लेंड्या बघायच्या. ढोबळी मिरची, काकडी, कोथिंबीर, गडद पानांचं लेट्यूस यांचं मिळून दिवसाला वाटीभर पुरे. पालक अधूनमधून. कांदा, लसूण, बटाटा, ॲव्होकॅडो कधीच नाही.

आयुष्यभर बियांच्या मिश्रणावर वाढलेला प्राणी येतो तेव्हा त्याला गवत म्हणजे अन्न हेच ठाऊक नसतं. तो त्यावर झोपतो. अशा वेळी उपाशी ठेवून शिकवू पाहणं धोक्याचं. त्याऐवजी दोन-तीन प्रकारचं गवत ठेवावं, मऊ, हिरवं, वासाचं. कागदी पिशवीत कोंबून द्यावं, पेलेट्सचा चुरा त्यावर भुरभुरावा. सर्वांत चांगला गुरू म्हणजे गवत खाणारा दुसरा गिनीपिग. शेजारी कोणी चघळू लागलं की हा ते ओढून घेतो. हिसकावून खाण्यात त्यांना विशेष गोडी आहे.

पहिल्या आठवड्यात एक डॉक्टर भेट ठरवूनच टाका, आणि डॉक्टर लहान प्राणी हाताळणारे असावेत. ही अट उगाच नाही. कुत्र्यामांजरांना सर्रास दिली जाणारी काही प्रतिजैविकं, पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, गिनीपिगाच्या आतड्यातले चांगले जंतू मारून त्याचा जीव घेऊ शकतात. असं औषध लिहिलेलं दिसलं तर नम्रपणे पण ठामपणे विचारा. त्या भेटीत दाढा, नखं, कातडी, छाती तपासून घ्या आणि नर-मादी पुन्हा एकदा पाहून घ्या. ‘दोन माद्या’ म्हणून मिळालेल्या जोडीत एक नर निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. नर तीन आठवड्यांचा झाला की प्रजननक्षम होऊ शकतो, मादी चार आठवड्यांची. नराबरोबर राहिलेली मादी गाभण असू शकते असं धरून चालावं आणि तिथून ७२ दिवस मोजावेत; गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो. सात-आठ महिन्यांच्या वयापर्यंत एकदाही न व्यालेल्या मादीची ओटीपोटाची हाडं घट्ट झालेली असतात, आणि तिच्यासाठी पहिलं बाळंतपण जिवावरचं ठरू शकतं. व्यायल्यावर काही तासांत ती पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे नर आधीच वेगळा काढलेला हवा.

खाज हाही नेहमीचा पाहुणा. खांद्यावर, पाठीवर केस गळून खपल्या दिसू लागल्या, हात लावताच तो वेडावाकडा खाजवू लागला, क्वचित झटके आले, तर ते डोळ्यांना न दिसणारे माइट, म्हणजे कातडीतले बारीक किडे असतात. प्रवासाच्या आणि बदलाच्या ताणात दबलेला हा त्रास उफाळतो. वजनाप्रमाणे दिलेल्या औषधाने तो जातो, पण कुत्र्याचा फवारा मनानेच मारू नये. नाकाभोवती, कानांवर गोल टक्कल आणि कोंडा असेल तर तो नायटा असू शकतो, आणि तो माणसांना लागतो.

हाताची ओळख तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून. लांब देठाची कोथिंबीर समोरून, खालच्या पातळीवर धरावी. गिनीपिगाचे डोळे बाजूला असतात, त्याला मागचंही दिसतं पण थेट नाकासमोरचं नीट दिसत नाही. म्हणून तो आधी वास घेतो आणि कधी भाजी समजून बोटाला दात लावतो. हात झटक्याने मागे घेतला तर दोघंही घाबरतात. काडी हातातून ओढून नेण्यात कुणाला दोन दिवस जातात, कुणाला तीन आठवडे. रोज आवारात गोल गोल पाठलाग करून पकडणं हा मात्र केलेल्या कामावर बोळा फिरवण्याचा हमखास मार्ग. उचलायचंच असेल तर कापडी बोगद्यात किंवा खोक्यात शिरू द्यावं आणि त्यासकट उचलावं. हाताने उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि लगेच आपल्या अंगाशी. माणूस बसलेला असावा, तोही जमिनीवर असला तर उत्तम. मांडीवरून मारलेल्या उडीनेही पाय किंवा दात मोडतात. लहान मुलांनी उभं राहून गिनीपिग उचलू नये, हा नियम घरात वादाला खुला ठेवू नका.

मांडीवर बसलेला गिनीपिग शांत आहे की थिजलेला, हे ओळखायची एक साधी कसोटी आहे. त्याला कोथिंबीर द्या. भीतीने थिजलेला प्राणी खात नाही. डोळे विस्फारलेले, मान ताठ, अंग दगडासारखं, तोंडाजवळ भाजी तशीच, म्हणजे त्याला परत सोडायची वेळ झाली. रुळलेला असेल तर तो चघळतो, चेहरा धुतो, पाय बाजूला पसरतो. दहा-पंधरा मिनिटांनी चुळबुळ सुरू झाली, कपडा ओढू लागला, हलकेच चावला, तर बहुधा त्याला लघवी लागलेली असते. ऐकलं नाही तर परिणाम तुमच्या कपड्यांवर दिसतो.

आवाजही हळूहळू कळू लागतात. पिशवीची सळसळ ऐकून केलेली चढत्या सुरातली कुईऽऽक कुईऽऽक ही मागणी असते, आणि ती बहुतेक करून माणसांपुढेच केली जाते. ती सुरू झाली की बस्तान बऱ्यापैकी बसलं. सैल अंगाने केलेली खोल गुरगुर समाधानाची, पण ताठ अंगाने केलेली तुटक, वरच्या पट्टीतली गुरगुर म्हणजे ‘पुरे’. दात कडकड वाजले की हात मागे. आणि मधूनच चारी पायांवर उसळून हवेत वळणारी ती वेडी उडी, जिला सगळे पॉपकॉर्निंग म्हणतात, ती झटका समजून कुणी डॉक्टरकडे धावू नये. तो आनंद आहे. काही प्राणी मात्र वर्षानंतरही उचलणं सहन करत नाहीत. हातातून खातात, हाक मारतात, पायांत घुटमळतात, पण जमिनीवरून सुटलेलं त्यांना चालत नाही. तो स्वभाव मान्य करावा. वजन खोक्यातून होतं, नखं दोघांनी मिळून टॉवेलवर कापता येतात, मांडीचा हट्ट कशाला?

घरात आधीचे गिनीपिग असतील तर नव्यांना दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावं. आधी जुन्यांचं काम, मग नव्यांचं, आणि हात धुणं. सर्दी-न्यूमोनियाचे जंतू बाहेरून काही न दिसता सोबत येतात. सशाबरोबर तर एकत्र ठेवूच नये. श्वसनरोगाचा एक जंतू सशांत निरुपद्रवीपणे राहतो आणि गिनीपिगाला आडवा करतो, शिवाय सशाच्या लाथेने हाडं मोडतात ती वेगळीच.

भेट घडवायची ती दोघांच्याही हद्दीबाहेर, मोकळ्या जमिनीवर, मध्ये गवताचा मोठा ढीग आणि बाजूला दोन दारांचे आडोसे ठेवून. पुढचे एक-दोन तास बघण्यासारखे असतात आणि बघणाऱ्याची परीक्षा घेतात. कंबर हलवत गुरगुरत चालणं, एकमेकांचा मागोवा, अंगावर चढणं, नाकं वर करून उंची मोजणं, हे सारं कोण वरचढ ते ठरवण्याचं रीतसर काम आहे. मध्ये पडून वेगळं केलं की ते काम पहिल्यापासून सुरू होतं. दात कडकडत राहिले, केस फुलवून समोरासमोर ठाकले, तर टॉवेल हातात तयार ठेवा. एकमेकांना दातांनी धरून गुंडाळले गेले किंवा रक्त आलं, तर टॉवेल टाकून वेगळं करा, उघडा हात मध्ये घातला तर चावा खोल बसतो. ठीक चाललं तर त्याच जागेत काही तास राहू द्यावं, आणि आवार पूर्ण धुऊन, सामान नव्या जागी मांडून सगळ्यांना एकदमच आत सोडावं, म्हणजे जुन्यांची मालकी पुसली जाते.

माद्यांच्या घरात नर आणायचा तर त्याचं खच्चीकरण झालेलं असावं, आणि शस्त्रक्रियेनंतरही सहा आठवडे थांबावं, तोवर त्याच्यापासून गर्भधारणा होऊ शकते. दोन नर जमलेच नाहीत तर एकाला एकटं काढू नका. आवारात मध्ये जाळी घालून दोन भाग करा, दोन्हीकडे गवताचे ढीग जाळीला लागून ठेवा. पलीकडचा दिसतो, ऐकू येतो, वास येतो, तेवढी सोबत त्यांना पुरते.